हृदयविकार असलेल्या मुलाची विकास तपासणी आणि शाळेतील आधार : कोल्हापूर जिल्ह्यातील पालकांसाठी

हृदयाला छिद्र असलेले किंवा जन्मतः निळे पडणारे बाळ पुणे, मुंबई किंवा बेळगावहून ऑपरेशन होऊन घरी आले, टाके सुकले आणि पुढच्या टू-डी इकोनंतर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीनंतर, डॉक्टरांनी "आता काळजी नाही" असे सांगितले की घरातल्यांच्या जिवात जीव येतो. तो यावाच. मात्र याच टप्प्यावर आणखी एक काम सुरू व्हायला हवे असते आणि ते बहुतेक घरांत सुरूच होत नाही. हृदयाच्या डॉक्टरांचे लक्ष हृदयावर असते, शाळेतल्या बाईंसमोर संपूर्ण वर्ग असतो, आणि मुलाचे बोलणे, लक्ष देणे, लिहिणे, हिशेब करणे यांची नीट तपासणी करून तिचा निष्कर्ष वर्गापर्यंत पोहोचवणारे असे या दोघांच्या मध्ये कोणीही नेमलेले नसते. हा दुवा पालकांनाच व्हावे लागते. तो कसा व्हावा, तपासणी कोणत्या वयात करून घ्यावी, ती कोणाकडे करावी आणि शाळेकडे नेमके काय मागावे, यासंबंधी हे मार्गदर्शन आहे.

तपासणी कोणाची करावी

हृदयाचा प्रत्येक दोष सारखा नसतो, त्यामुळे प्रत्येक मुलाला सविस्तर तपासणीची गरज नसते. लहानसे छिद्र आपोआप बुजले असेल आणि मूल वेळेवर चालू-बोलू लागले असेल, तर अंगणवाडीत आणि बालरोगतज्ज्ञांकडे होणारी नेहमीची पाहणी पुरेशी असते. याउलट पहिल्या वर्षाच्या आत ज्याच्या हृदयाची उघडी शस्त्रक्रिया झाली, जे जन्मतः निळे होते, जे हृदयदोषासह अपुऱ्या दिवसांचे जन्मले, ऑपरेशनच्या आसपास ज्याला झटके आले, ज्याचे हृदय मध्येच थांबून पुन्हा सुरू करावे लागले, जे आयसीयूमध्ये अनेक आठवडे राहिले किंवा ज्याच्या डोक्याचा घेर वयाच्या मानाने लहान आहे, अशा मुलाची विकास तपासणी झालीच पाहिजे, मग ते वरून कितीही चुणचुणीत दिसो. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या मुलांना हृदयदोष असतो, आणि बाविसाव्या गुणसूत्राचा छोटा भाग नसलेल्या मुलांमध्येही हृदयदोषाबरोबर बोलण्याच्या आणि गणिताच्या अडचणी बऱ्याचदा आढळतात. या दोन्ही गटांतील मुलांसाठी हृदयाचे ऑपरेशन होण्याची वाट न पाहता लहान वयातच तपासणी व थेरपी सुरू करावी.

शिकण्यातील अडचणीचे कारण भुलीच्या इंजेक्शनात किंवा आईच्या वागण्यात शोधू नये. गरोदरपणात ग्रहण पाळले नाही म्हणून असे झाले, हे बोलणे आजही अनेक सुनांना ऐकून घ्यावे लागते आणि त्याला कसलाही आधार नाही. गर्भात हृदय आणि मेंदू यांची घडण एकाच काळात सुरू होते. हृदयाची रचना बिघडलेली असेल तर मेंदूला मिळणारे रक्त किंवा त्यातील प्राणवायू कमी पडू शकतो, आणि काही गुंतागुंतीच्या दोषांत पूर्ण दिवसांच्या बाळाचा मेंदूही सुमारे महिनाभर मागे असल्याचे एमआरआय तपासणीत दिसून आले आहे. पुढे निळेपणाचा काळ, हृदय-फुप्फुस यंत्रावरचे ऑपरेशन, लांबलेले आयसीयू, दूध ओढताना लागणारा दम आणि न वाढणारे वजन यांची त्यात भर पडते.

अमेरिकेत बॉस्टन येथे १९८८ ते १९९२ या काळात, हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेल्या बाळांची ऑपरेशने करून त्यांचा सोळाव्या वर्षापर्यंत पाठपुरावा करण्यात आला. त्यांचा सरासरी बुद्ध्यंक सर्वसाधारण मर्यादेत होता, आणि तरीही जवळपास दोनतृतीयांश मुलांना कधी ना कधी अभ्यासाची किंवा वर्तनासंबंधीची जादा मदत घ्यावी लागली होती. म्हणजे बुद्धी कमी नसतानाही शाळा जड जाऊ शकते. लक्ष टिकवणे, दोन-तीन गोष्टी एकाच वेळी ध्यानात धरणे, कामाचा क्रम आखणे, आकृती आणि जागा यांचा अंदाज घेणे, समोरच्याच्या चेहऱ्यावरून मनातले ओळखणे अशा क्षमता यात मागे पडतात, आणि पहिली-दुसरीत त्या फारशा लागत नसल्याने अडचण तिसरी-चौथीत किंवा थेट माध्यमिक शाळेत उघड होते. तोवर मुलावर "आळशी", "धांदरट" किंवा "लाडावलेले" असा शिक्का बसलेला असतो.

जन्मजात नसलेल्या एका विकाराचाही येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. घशाच्या संसर्गानंतर साधारण ५ ते १५ वर्षे वयाच्या मुलांना होणाऱ्या ऱ्हुमॅटिक फिव्हरमध्ये हृदयाच्या झडपा खराब होतात, आणि काही मुलांमध्ये त्याबरोबर कोरिया नावाची अवस्था येते. हात आपोआप हलतात, अक्षर एकाएकी बिघडते, डबा किंवा पेन हातातून पडते, मूल कारण नसताना रडते. घरात आणि शाळेत ही खोडी समजली जाते आणि मुलाला मार बसतो. चांगले अक्षर काही आठवड्यांत बिघडले तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. या मुलांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. त्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच शाळेला देऊन ठेवाव्यात, म्हणजे गैरहजेरीबद्दल दर वेळी चिठ्ठी द्यावी लागणार नाही.

घरी पाहण्याच्या गोष्टी

गरोदरपणात मिळालेले माता व बाल संरक्षण कार्ड लसीकरण संपले की कपाटात जाते. त्यात मुलाच्या वाढीचे टप्पे चित्रांसह दिलेले असतात, ते दर महिन्याला उघडून पाहावेत. पाचव्या महिन्यापर्यंत मान सावरली नाही, नवव्या महिन्यापर्यंत आधाराशिवाय बसता आले नाही, दीड वर्षापर्यंत चालता आले नाही किंवा दोन वर्षांपर्यंत "पाणी दे", "बाबा आले" असे दोन शब्द जोडता आले नाहीत, तर "मुलगे उशिरा बोलतात" किंवा "हा त्याच्या काकांवर गेला आहे" अशा समजुतीवर विसंबू नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय दोन वर्षांपर्यंत प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे. आधी येत असलेली गोष्ट नंतर येईनाशी झाली, तर मात्र एक आठवडाही थांबू नये.

ऑपरेशन झालेल्या बाळाला पालथे घालण्याची घरात भीती असते. आजी, आत्या, काकू आळीपाळीने त्याला मांडीवर घेतात, रडले की निळे होईल म्हणून जमिनीवर ठेवत नाहीत, आणि त्यामुळे मान, खांदे व पाठ यांचे स्नायू बळकट होण्याची संधीच बाळाला मिळत नाही. छातीचे हाड जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. त्या काळात बाळाला काखेत हात घालून उचलू नये, एक हात मानेखाली आणि दुसरा ढुंगणाखाली घालून अलगद उचलावे. त्यानंतर पालथे घालणे केव्हा सुरू करायचे हे शल्यचिकित्सकांना थेट विचारावे आणि परवानगी मिळताच दिवसातून अनेकदा, थोडा थोडा वेळ, समोर खेळणे ठेवून ते करावे. मोठ्या मुलाच्या बाबतीतही हेच होते. चार वर्षांच्या मुलाला घास भरवला जातो, बटणे आई लावते, चप्पल आजी घालते, आणि मग पहिलीत त्याला पेन्सिल धरता येत नाही म्हणून सगळे चिंतेत पडतात.

केव्हा आणि कोठे

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये या विषयावर मार्गदर्शक निवेदन प्रसिद्ध केले आणि २०२४ मध्ये ते अद्ययावत केले. जोखमीच्या मुलांची तपासणी १२ ते २४ महिन्यांच्या दरम्यान, ३ ते ५ वर्षांच्या दरम्यान आणि पुन्हा ११ ते १२ व्या वर्षी करावी, असे २०१२ च्या निवेदनात सुचवले होते. आपल्याकडील शाळेचा क्रम पाहता त्यात दोन वेळा जोडाव्यात असे मला वाटते. एक पहिलीत घालण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात, आणि दुसरी तिसरीच्या सहामाही परीक्षेनंतर, कारण वाचून समजून घेण्याचा आणि शाब्दिक उदाहरणांचा खरा भार तेथपासून वाढतो.

सुरुवात सरकारी व्यवस्थेपासून करावी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, आणि त्यात जन्मजात हृदयदोष व विकासातील विलंब या दोन्हींचा समावेश आहे. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा येणे अपेक्षित असते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नये. शक्य असल्यास एका पालकाने फाइल घेऊन तेथे थांबावे आणि "हृदयाचे झाले आहे, आता विकासासाठी पुढे पाठवा" असे स्पष्ट शब्दांत सांगावे, कारण पथकाच्या नोंदीत मूल एकदा "हृदय – ऑपरेशन पूर्ण" असे गेले की विकासाचा रकाना कोरा राहण्याची शक्यता असते. पथकाने पाठवलेल्या मुलांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे डीईआयसीची योजना आहे. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा व श्रवण तज्ज्ञ आणि विशेष शिक्षक एकाच ठिकाणी मिळावेत हा तिचा हेतू आहे. गावातून येणाऱ्यांनी आशाताई किंवा अंगणवाडीताईंमार्फत पथकाच्या डॉक्टरांशी आधी बोलून वार ठरवून घ्यावा. गगनबावडा, चंदगड किंवा शाहूवाडीहून पहाटेची एसटी धरून यायचे आणि संबंधित माणूस रजेवर आहे हे खिडकीवर कळायचे, असे होऊ नये. कोल्हापूर शहरातील पालकांना छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या, म्हणजे सीपीआरच्या बालरोग विभागात पुढील दिशा विचारता येईल.

खासगी तपासणी करायची असल्यास मानसशास्त्रज्ञांची आणि विशेष शिक्षकांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे अवश्य विचारावे. कोणती चाचणी घेणार हेही विचारावे. अडीच वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी भारतीय मुलांवर प्रमाणित केलेली डासी ही चाचणी वापरली जाते. शाळकरी मुलांसाठी नागपूरला मॅलिन यांनी तयार केलेली मिसिक आणि मुळात मराठी व कन्नड मुलांसाठी बेतलेली बिने-कामत या चाचण्या रूढ आहेत. रोजच्या जीवनातील स्वावलंबन पाहण्यासाठी व्हाइनलँड मापनी असते. परदेशी चाचणी इंग्रजीत घेतली आणि मूल मराठी शाळेत शिकणारे असले, तर गुण कमी येणारच. गडहिंग्लज-चंदगडच्या पट्ट्यात ज्या घरांत कन्नड बोलली जाते, तेथील मुलाच्या बाबतीत तर घरची भाषा कोणती हे तपासणाऱ्याला आधीच सांगायला हवे.

तपासणीच्या आधी आणि नंतर

विकास तपासणीपूर्वी कान आणि डोळे तपासून घ्यावेत. आयसीयूमध्ये दिल्या जाणाऱ्या काही औषधांमुळे ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो, आणि थोडे कमी ऐकू येणारे मूल घरात कोणाच्या लक्षात येत नाही. हिमोग्लोबिनबद्दलही हृदयतज्ज्ञांना विचारावे, कारण निळ्या मुलांमध्ये आकडा चांगला दिसूनही शरीरात लोह कमी असू शकते. इको आणि विकास तपासणी एकाच दिवशी ठेवू नये. प्रवासाने, उपाशी पोटाने आणि पांढऱ्या कोटाच्या धास्तीने दमलेल्या मुलाची क्षमता त्या दिवशी कळत नाही. चाचणीला दीड-दोन तास लागतात, तेव्हा लवकर थकणाऱ्या मुलासाठी दोन बैठका मागाव्यात. डिस्चार्ज कार्ड, चालू औषधांची यादी आणि शाळेच्या नेहमीच्या वह्या, बाईंच्या लाल शेऱ्यांसकट, बरोबर न्याव्यात. पाहुण्यांना दाखवायची सुंदर वही घरी ठेवावी. चाचणी चालू असताना आईने ओठ हलवून उत्तर सुचवू नये. माया असते, पण त्यामुळे जी मदत मिळायची तीच हुकते.

अहवालात एक बुद्ध्यंक लिहिलेला असतो आणि सगळे घर त्या आकड्याभोवती फिरत राहते. त्याहून महत्त्वाचे असते ते आतले. भाषा, हाताचे काम, लक्ष, स्मरण, वेग यांपैकी काय वयाप्रमाणे आहे आणि काय मागे आहे, घरी रोज काय करायचे, शाळेत काय बदलायचे आणि पुन्हा केव्हा यायचे, या चार प्रश्नांची उत्तरे मराठीत समजावून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये.

तिसरीतल्या एका मुलीची वही डोळ्यांसमोर आणावी. फळ्यावर लिहिले आहे, "शेतकरी बैलांना घेऊन शेतात गेला." तिने लिहिले आहे, "शेतकरी बैलांना शेतात", आणि पुढची जागा कोरी. तोंडी विचारले तर पूर्ण वाक्य ती बरोबर सांगते. फळ्याकडून वहीकडे नजर येईपर्यंत दोन शब्द निसटतात, जागा चुकते, आणि ती पुन्हा शोधेपर्यंत बाई फळा पुसतात. खालच्या पानावर वजाबाकी आहे. ४२ मधून १७ वजा करण्याची रीत तिला येते, पण एकक आणि दशक एकाखाली एक न आल्याने उत्तर चुकले आहे. "अभ्यास करत नाही" असा शेरा दोन्ही पानांवर आहे. चौकटीची वही, फळ्यावरच्या मजकुराची एक छापील प्रत आणि पाच मिनिटे जादा, एवढ्यावर या मुलीचे काम भागू शकते. मात्र अहवाल शाळेत पोहोचला तरच ते होईल.

शाळेला पत्र

आठ-दहा पानांचा अहवाल तसाच शाळेत देऊ नये. तो वाचायला कोणाला वेळ नसतो आणि त्यातील प्रत्येक गोष्ट सर्वांनी वाचावी अशीही नसते. एका पानाचे पत्र लिहावे, दोन प्रती कराव्यात, आणि एकीवर शाळेची पोच व आवक क्रमांक घ्यावा. मजकूर साधारण असा असावा :

"मा. मुख्याध्यापक यांस, माझी मुलगी इयत्ता तिसरीत शिकत आहे. तिच्या हृदयाचे ऑपरेशन बाळपणी झाले असून सध्या ती सोबत लिहिलेली औषधे घेते. विकास तपासणीत तिची समज वयाप्रमाणे असल्याचे, परंतु फळ्यावरून उतरवून घेण्याचा व लिहिण्याचा वेग कमी असल्याचे आणि एकदम दिलेल्या अनेक सूचना तिच्या ध्यानात राहत नसल्याचे आढळले आहे. तिला पुढच्या बाकावर बसवावे, सूचना एका वेळी एकच द्यावी, गृहपाठ लांबीने कमी द्यावा आणि चाचणीत जादा वेळ द्यावा, ही विनंती. हृदयतज्ज्ञांच्या पत्राप्रमाणे तिला खेळता येईल, मात्र सोबत दिलेल्या गोष्टी टाळाव्यात. त्रास झाल्यास करावयाची कार्यवाही व आमचे क्रमांक मागील बाजूस दिले आहेत. सहामाही परीक्षेनंतर वर्गशिक्षकांना भेटून प्रगतीबद्दल बोलण्याची आमची इच्छा आहे."

पत्र जूनमध्ये शाळा सुरू होताच पहिल्या पंधरवड्यात द्यावे आणि दर वर्षी नव्या वर्गशिक्षकांना नव्याने द्यावे, कारण मागच्या बाईंना माहीत होते ते पुढच्या सरांना कळलेले असेलच असे नाही. मुलाच्या आजाराबद्दल वर्गातील इतरांना काय सांगायचे, हे मुलाला विचारून ठरवावे. छातीवरचा व्रण गणवेश बदलताना दिसतो आणि मुले विचारतात. "लहानपणी ऑपरेशन झाले, आता मी बरा आहे" एवढे एक वाक्य त्याच्याकडून घरी म्हणवून घेतलेले असावे.

शिक्षकांना येथे एक विनंती करावीशी वाटते. "त्याला हृदयाचा त्रास आहे, त्याला काही बोलू नका" या दयेपोटी अनेक मुलांचा गृहपाठ तपासला जात नाही, पाढे विचारले जात नाहीत, आणि मूल सातवीपर्यंत ढकलले जाते. अपेक्षा तीच ठेवावी, रस्ता बदलावा. दहा उदाहरणांऐवजी चार द्यावीत, पण ती चार पूर्ण करून घ्यावीत. निबंधाचे मुद्दे तोंडी ऐकावेत आणि मग लिहायला द्यावेत. लघवीची औषधे चालू असणाऱ्या मुलाला तासाच्या मध्ये जाऊ द्यावे, पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी, वर्ग दुसऱ्या मजल्यावर असेल तर शक्यतो तुकडी खालच्या मजल्यावर आणावी, आणि पुस्तकांचा एक संच शाळेतच ठेवून दप्तर हलके करावे. ऑपरेशननंतरचे सहा ते आठ आठवडे तर दप्तर, दोरीवरच्या उड्या, सायकल आणि हात धरून ओढणे पूर्ण बंद असते. शिष्यवृत्ती परीक्षेच्या जादा तासांना अशा मुलाला बसवायचे की नाही, हे इतरांच्या मुलांकडे पाहून न ठरवता संध्याकाळी मूल किती थकलेले असते ते पाहून ठरवावे.

वर्गशिक्षकांना एकट्याने हे जमत नसेल तर समग्र शिक्षा अभियानातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांची मदत घेता येते. त्यासाठी मुख्याध्यापकांनी केंद्रप्रमुखांमार्फत तालुक्याच्या गट साधन केंद्राकडे मागणी करावी, आणि पालकांनी त्या मागणीची प्रत मागून घ्यावी.

खेळ, सहली आणि अचानक होणारा त्रास

कोल्हापुरात मुलगा चालायला लागला की पायात फुटबॉल येतो, पेठेतल्या तालमींचे सामने म्हणजे घरचे कार्य असते आणि कुस्ती तर रक्तात आहे. अशा गावात "खेळू नये" हा सरसकट शेरा मुलाला एकटे पाडतो, आणि बहुतेक वेळा तो अनावश्यकही असतो. छिद्र पूर्ण बुजलेली आणि हृदयाचे काम उत्तम असलेली बहुतेक मुले सगळे खेळू शकतात. त्यामुळे हृदयतज्ज्ञांकडून खेळांची नावे घालून लेखी घ्यावे. काय मनसोक्त खेळता येईल, काय दमेपर्यंत न खेळता मध्येच थांबण्याच्या मुभेसह खेळावे आणि काय अजिबात नको, हे त्यात स्पष्ट असावे. कृत्रिम झडपेसाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या मुलाला कुस्ती, कबड्डी आणि अंगाला अंग भिडणारा फुटबॉल नको, कारण डोक्याला लागलेला साधा मारही आत रक्तस्राव करू शकतो. पेसमेकर असलेल्यालाही छातीवर आघात होईल असे खेळ टाळावे लागतात. हृदयाचा स्नायू जाड असलेल्या, महारोहिणीची (हृदयातून शरीराला रक्त नेणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची) झडप अरुंद असलेल्या किंवा महारोहिणी फुगलेल्या मुलांसाठी जोर, बैठका आणि वजन उचलणे धोक्याचे ठरू शकते. हृदयाच्या ठोक्यांचा विकार असलेल्या मुलाने विहिरीत किंवा पंचगंगेत कधीही एकट्याने उतरू नये. जे खेळू शकत नाही, त्याला मैदानाच्या कडेला नुसते बसवू नये. गुणलेखन, पंचांना मदत, संघाची यादी ही खरी कामे त्याच्याकडे द्यावीत.

पन्हाळा किंवा जोतिबाच्या सहलीत चढ चालत जायचा असेल, तर या मुलासाठी वाहन वरपर्यंत नेण्याची व्यवस्था आधी ठरवावी. सहलीला न येण्याचा सल्ला देऊ नये. अजून निळे असलेल्या मुलाचे रक्त घट्ट असते, तेव्हा मार्च-एप्रिलच्या उन्हात पाणी कमी पडू देऊ नये. असे मूल खेळता खेळता उकिडवे बसले तर ते कंटाळले असे समजू नये. निळेपणा वाढून श्वास जोरात चालू झाला तर गुडघे छातीशी घेऊन त्याला शांत ठेवावे आणि रुग्णालयात न्यावे.

धावताना किंवा दचकल्यावर मूल कोसळले तर "सकाळी काही खाल्ले नसेल" या तर्कात वेळ घालवू नये. हाक मारून, खांदा हलवून पाहावे. प्रतिसाद नसेल आणि श्वास नेहमीसारखा चालत नसेल, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, छाती सुमारे एकतृतीयांश दबेल इतके जोरात दाबायला सुरुवात करावी. छातीवर जुने ऑपरेशन आहे म्हणून थांबू नये. शाळेतील किमान दोन शिक्षकांनी आणि शिपाईमामांनी हे प्रशिक्षण घेतलेले असावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असलेल्या मुलाच्या डोक्याला मार लागला, तर ते हसत-खेळत असले तरी घरी न पाठवता रुग्णालयात न्यावे, आणि ताप-दुखण्यावर कोणतीही गोळी पालकांना विचारल्याशिवाय देऊ नये.

प्रमाणपत्र आणि बोर्डाच्या सवलती

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केलेले आहे, पण केवळ हृदयविकार त्यांत येत नाही. मुलाला त्याबरोबर बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, वाचादोष, श्रवणदोष किंवा स्वमग्नता असेल तर त्या आधारावर यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या संकेतस्थळावर अर्ज करून शासकीय रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळते. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आधी दिले जात नाही. मात्र शाळेतील मदत त्यासाठी थांबवण्याचे कारण नाही. पुढचा बाक, जादा वेळ आणि छापील प्रत देण्यासाठी मुख्याध्यापकांना कोणत्याही प्रमाणपत्राची गरज नसते. दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश देणे आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोयी करणे याच कायद्याने अनुदानित व मान्यताप्राप्त शाळांवर घातलेले आहे.

दहावीला राज्य मंडळ पात्र विद्यार्थ्यांना ताशी २० मिनिटे जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक आणि इतर सवलती देते. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या जिल्ह्यांसाठी हा प्रस्ताव शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जातो. कागद नववीतच तयार ठेवावेत, कारण दहावीच्या दिवाळीनंतर वैद्यकीय मंडळाची तारीख मिळवण्यासाठी केलेली धावपळ अभ्यासाच्या मुळावर येते. पुन्हा ऑपरेशन किंवा लांब आजारपण झाल्याने हजेरी कमी पडणार असेल, तर त्या त्या वेळचे वैद्यकीय दाखले लगेच शाळेत जमा करून पोच घ्यावी.

अकराव्या-बाराव्या वर्षाची तपासणी मुलाला सोबत बसवून करावी. आपल्या दोषाचे नाव, ऑपरेशन काय झाले, गोळ्या कोणत्या आणि त्या का, दाताच्या डॉक्टरांना आधी काय सांगायचे, हे त्याला स्वतःला सांगता यायला हवे, कारण पाचवीत किंवा आठवीत शाळा बदलली की आई-वडील दारापर्यंतही येत नाहीत. ऊसतोडीसाठी जिल्ह्यात येणाऱ्या कुटुंबांनी विकास तपासणीचा अहवाल आणि शाळेचे पत्र यांच्या झेरॉक्स जवळ बाळगाव्यात, म्हणजे हंगामातल्या शाळेतही तीच मदत मागता येईल. शिरोळ, करवीर आणि हातकणंगल्यातील नदीकाठच्या घरांनी २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिला आहे. इको, डिस्चार्ज कार्ड, अहवाल आणि पोच घेतलेली पत्रे यांचे फोटो काढून घरातील दोन फोनमध्ये ठेवावेत, मूळ फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत वरच्या फळीवर असावी, आणि जुलै लागण्यापूर्वी महिनाभराची औषधे घरात आणलेली असावीत.